नकाशातली उंच बाई

प्रिय धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते आधी दोनदा उलटंपालटं केलं असशील, उजेडाकडे धरून पाहिलं असशील आणि मग बायकोला हाक मारून म्हणाला असशील, "थोरलीचं पत्र आलंय. आता काय काढलंय हिने?" अकरा वर्षांनी बहिणीचं पत्र आल्यावर भावाने एवढा संशय घ्यायलाच हवा. आपल्या घरात तो रक्तातच आहे, माझ्या वाट्याला जरा जास्त आला इतकंच. तेव्हा उभ्याने वाचू नकोस. बस, चष्मा लाव, आणि मधूनच शेवटच्या पानावर उडी मारू नकोस. लहानपणी गोष्टीच्या पुस्तकांचं तू तेच करायचास आणि मग शेवट सांगून माझी मजा घालवायचास.

आधी घराची खबर देते. तू आणि ह्यांनी मिळून बांधलेलं हे घर अजून उभं आहे. सपाट छप्पर अजून गळतं, आणि त्याच कोपऱ्यात गळतं. मागच्या वर्षी एका गवंड्याला बोलावलं, तर तो वर चढला, खाली उतरला आणि मलाच विचारायला लागला, की बाई, छपराला उतारच ठेवला नाही असा शहाणा कोण होता? मी म्हटलं, एक नव्हता, दोन शहाणे होते, आणि दोघांनाही बक्षिसं मिळाली आहेत. खिडक्यांच्या बाहेर ऊन अडवायला तुम्ही सिमेंटच्या आडव्या पट्ट्या लावल्या होत्या, त्यांच्यात पारव्यांनी बिऱ्हाड केलंय. भिंतीतल्या कपाटांची दारं मात्र अजून कुरकुरत नाहीत, हे मान्य करते. आणि स्वयंपाकघरातला ओटा अजून तसाच आहे. ह्यांनी मला भिंतीला टेकवून उभं केलं होतं, कोपरापर्यंतचं माप घेतलं होतं आणि पाच फुटांना दोन इंच कमी असलेल्या बाईला बेताचा ओटा करून दिला होता. येणारीजाणारी प्रत्येक बाई त्याच्यापुढे वाकून कण्हते. मला आजवर वाकावं लागलेलं नाही.

आता मुद्द्याचं. चार महिन्यांपूर्वी एक बाई दारात उभी राहिली. वास्तुकला शिकवणाऱ्या महाविद्यालयात प्राध्यापिका आहे, जाड भिंगांचा चष्मा लावते, म्हणून मी तिला मनातल्या मनात चष्मेवाली म्हणते. तुझ्या आणि ह्यांच्या कामाचं प्रदर्शन भरवायचंय, सगळ्या नकाशांच्या गुंडाळ्या तुमच्याकडे आहेत असं कळलं, म्हणाली. कुणाकडून कळलं, हे मी तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा तिने तुझं नाव घेतलं, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. अकरा वर्षं ज्याने फोन उचलला नाही (मी केला नाही, हे खरं, पण केला असता तर त्याने उचलला असता का?) तो आता माझ्या माळ्यावर माणसं पाठवतो! मी तिला घरात घेतलं, पण एकटं सोडलं नाही. ती येण्याआधी मी गुंडाळ्या मोजायचे, ती गेल्यावर पुन्हा मोजायचे. पहिल्या दिवशी तिने पर्समधून पांढरे हातमोजे काढून घातले तेव्हा तर मी खुर्ची ओढून दारातच बसले, कारण हातमोजे घालून दुसऱ्याच्या घरात शिरणारी माणसं मी फक्त सिनेमात पाहिली होती. नंतर कळलं, जुना कागद हाताच्या घामाने खराब होतो. पण तोवर मी तिला दोन दिवस चहासुद्धा विचारला नव्हता.

तिची अडचण अशी होती, की कुठलं काम कुणाचं हे कळायला मार्ग नव्हता. प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यातल्या चौकटीत तुम्हा दोघांची नावं, तीही एकाच आकाराच्या अक्षरांत. तुमचा तो नियम होता ना, कुणाची रेघ कुणाची हे बाहेर सांगायचं नाही. गॅरेजमध्ये दोन स्टुलांवर जुनं दार आडवं टाकून तुम्ही पहिलं ऑफिस थाटलंत आणि समोरासमोर बसलात, तेव्हाच ठरलं होतं म्हणे. एकाने काढायचं, दुसऱ्याने उलट्या बाजूने बघायचं. उलटं बघूनही जे बरं दिसेल ते खरं, असं हे म्हणायचे. लोकांना त्याचं कौतुक वाटायचं. मला वाटायचं, ह्या नियमात नुकसान एकाचंच होणार, आणि तो एक माझा नवरा असणार. कारण हे मुलखाचे अबोल. आणि तू बोलका, गिऱ्हाइकांबरोबर हसणारा, नगरपालिकेत पाच मिनिटांत कुणालाही खिशात घालणारा. मी आईला तेव्हाच म्हटलं होतं, रेघा हे ओढणार आणि टाळ्या हा घेणार. आई म्हणाली, तो तुझा भाऊ आहे गं. मी म्हटलं, म्हणूनच ओळखते.

तर चष्मेवालीला मी किल्ली दिली. मला माहीत होती ना. इमारत पावासारखी मधोमध कापून आत काय दिसेल ते दाखवणारं जे चित्र तुम्ही काढता, त्यात माप कळावं म्हणून एक माणूस उभा करता. तू नेहमी छत्रीवाला पुरुष काढायचास. घरातसुद्धा छत्री उघडून उभा, तो तुझा आचरटपणा. आणि हे मला काढायचे. हातात पिशवी, मानेवर अंबाडा, एक पाय जरा पुढे. दुपारी डबा घेऊन मी ऑफिसात यायचे, तेव्हा तुमचे नमस्कार-चमत्कार होण्याआधी टेबलावर वाकून स्वतःला शोधायचे. शाळेच्या व्हरांड्यात मी, बसस्टँडच्या छपराखाली मी, कुणाकुणाच्या बंगल्याच्या जिन्यावर मी. बापाने दिलेल्या दागिन्यांचं कुणी एवढं कौतुक केलं नसेल, तेवढं मी त्या बोटभर बाईचं केलं. मी चष्मेवालीला म्हटलं, छत्री दिसली की भावाचं, पिशवी दिसली की माझ्या यजमानांचं. तिने टाळीच वाजवली. एका दिवसात दोनशे कागदांचे दोन ढीग केले. आणि वाचनालय, तुमचं ते सगळ्यांत नावाजलेलं काम, घडी घातलेल्या कागदासारखं छप्पर, एकही खांब मध्ये नसलेली वाचनाची खोली, ते सगळंच्या सगळं पिशवीवाल्या ढिगात पडलं. एकसुद्धा छत्री नाही.

मला काय वाटलं ते लपवत नाही. मला आनंद झाला. सूड उगवल्याचा आनंद. वाचनालयाचं उद्घाटन तुला आठवत असेलच. हे जाऊन चार महिने झाले होते, ऑफिसातल्या खुर्चीत बसल्या बसल्या हृदय थांबलं होतं, आणि तू त्या नव्या खोलीत माइकसमोर उभा राहून म्हणालास, हे काम आम्हा दोघांचं आहे. दोघांचं! सहा वर्षं रोज संध्याकाळी हे घरी येऊन मला त्याच इमारतीबद्दल सांगत होते. छपराची घडी कशी बसली, उत्तरेकडून उजेड कसा येणार, म्हाताऱ्या वाचकांसाठी जिन्याच्या पायऱ्या कशा बुटक्या. डोळे चमकायचे बोलताना. मी सगळ्यांसमोर उठून बाहेर पडले. आठवड्याने समितीला पत्र लिहिलं, की दारावरच्या दगडावर फक्त माझ्या यजमानांचं नाव हवं, नाहीतर मी वर्तमानपत्रात जाईन. महिन्याभरात दगड बदलला. तू एका शब्दाने भांडला नाहीस, आणि तेवढ्यावरून मी ठरवून टाकलं की तू अपराधी आहेस. खरा माणूस भांडला असता, असं माझं म्हणणं. त्यानंतर तुझ्या बायकोची नववर्षाची कार्डं आली, ती मी ठेवली आहेत, उत्तर एकालाही दिलं नाही.

प्रदर्शनाच्या दारात लावायला एक मोठं चित्र हवं होतं. कुठलं घ्यायचं ते तुम्हीच सांगा, असं चष्मेवाली म्हणाली. मी अर्थातच वाचनालयाचं घेतलं, त्यात मी छपराखाली बरोबर मध्यभागी उभी आहे. भिंग घेऊन बघत बसले. बघता बघता वाटलं, ही बाई बरी दिसतेय, पण ही मी नव्हे. दाराची मूठ तिच्या कमरेशी येत होती. माझ्या आयुष्यात कुठल्याही दाराची मूठ माझ्या कमरेशी आलेली नाही, पोटाच्या बऱ्याच वर येते. ह्यांच्या खणातून मापाची पट्टी काढली. नकाशाचं प्रमाण एकास पन्नास. मी पाच फुटांना दोन इंच कमी, म्हणजे कागदावर तीन सेंटिमीटरला किंचित कमी भरायला हवी. शाळेच्या नकाशात बरोबर तेवढी. बसस्टँडवर तेवढी. बारा वर्षांच्या सगळ्या कागदांवर केसभरही फरक नाही. आणि शेवटच्या सहा वर्षांत, एकेक कागद मोजत गेले, प्रत्येक बाई चार मिलिमीटरने जास्त. साडेपाच फुटांची. पिशवी तीच, अंबाडा तोच, पाय तसाच पुढे, पण बाई दुसरी.

तू हसशील. मला हसू आलं नाही. माझ्या नवऱ्याच्या हाताला मिलिमीटर चुकत नसे. त्याने उंच बाई काढली, म्हणजे त्याच्या डोळ्यांसमोर उंच बाई होती. आणि पहिली उंच बाई कुठल्या नकाशात आहे ते पाहिलं, तर दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याच्या. ती तर चांगली ताडमाड! मग एकेक गोष्ट आठवत गेली आणि जागच्या जागी बसत गेली. त्याच सुमाराला ह्यांनी घरी दाढी करणं सोडलं आणि रोज सकाळी न्हाव्याकडे जायला लागले. पंचवीस वर्षं स्वतःच्या हाताने दाढी केलेला माणूस! बटणांचे शर्ट कपाटात पडून राहिले आणि डोक्यातून घालायचे विणलेले शर्ट आले, तरण्या पोरांसारखे. नाड्यांचे बूट गेले. संध्याकाळी फिरायला निघालो की माझा हात धरायचे, तो धरेनासे झाले, दोन्ही हात खिशात. तेव्हा मी प्रत्येकाचं काहीतरी कारण मनाशी लावलं होतं, वय झालं, हौस आली, थंडी आहे. आता वाटलं, काय मूर्ख होते मी! बाहेर कुणीतरी होती, आणि तिला आवडावं म्हणून हा सगळा थाट होता. आणि तुला ते ठाऊक नसणं शक्यच नव्हतं. तू समोर बसायचास. एवढं मोठं पाणी मुरत होतं आणि तू तोंडाला कुलूप लावून बसला होतास. तुझ्यावर मी पूर्वी एका गुन्ह्यासाठी रागावले होते, आता दोन झाले.

त्या आठवड्यात चष्मेवाली तुझं उत्तर घेऊन आली. तिने तुला कळवलं होतं, की तुमच्या बहिणीच्या सांगण्यावरून वाचनालय पूर्णपणे तुमच्या मेहुण्यांच्या नावावर दाखवतो आहोत, तुमचं काही म्हणणं आहे का. तू दोन ओळी लिहिल्या होत्यास, की बहीण सांगते ते बरोबर आहे, वाचनालय त्यांचंच, माझं नाव काढून टाकावं. चष्मेवालीला बरं वाटलं. मला वाटलं नाही. मी ते पत्र तीनदा वाचलं. आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं काम माणूस असं दोन ओळींत सोडून देतो? छत्री विसरावी तसं? तू तर लहानपणी मला अर्धी पेन्सिल देतानासुद्धा रडायचास. मी म्हटलं, हा माझं तोंड बंद करतोय. हिला वाचनालय देऊन टाका, म्हणजे ही पुढचं उकरणार नाही. म्हणजे पुढचं काहीतरी आहे. दुसऱ्या दिवशी मी दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे वेळ घेतली.

माझे दात ठणठणीत होते, निदान मला तसं वाटत होतं. बाई आता म्हाताऱ्या झाल्या आहेत, आठवड्यातून दोन दिवसच बसतात, पण अजून उंच आहेत, दारातून येताना मान खाली घालतात. मी खुर्चीत आडवी होऊन तिचं निरीक्षण करत होते, बोटं बघ, केस बघ, ह्या वयात कानात एवढे मोठे डूल कशाला. आडनाव ऐकून तिने ओळखलं. हा दवाखाना तुमच्याच लोकांनी बांधला, म्हणाली, आणि माझ्या तोंडात आरसा घातला. आणि काय सांगू, खरंच दाढ किडलेली निघाली! तिने कापूस कोंबला, ते पाणी ओढणारं नळकांडं अडकवलं, आणि मी उलटतपासणीला आलेली बाई, माझंच तोंड बंद. मग ती कोरता कोरता आपल्या आपण बोलायला लागली. तुमचे मिस्टर फार सज्जन, म्हणाली. बोलायचे नाहीत. सगळं तुमचे भाऊच काढायचे, तुमचे मिस्टर हात खिशात घालून बाजूला उभे. ते बघायचे आणि मान हलवायचे, आणि त्यांनी मान हलवली नाही तर तुमचे भाऊ कागद फाडून नवा घ्यायचे. मी मनात म्हटलं, अच्छा, चांगलं पाठ केलंय. तेवढ्यात ती म्हणाली, हाताचं फार वाईट झालं हो त्यांच्या.

मी डोळे मोठे केले, तेवढंच करता येत होतं. तिला वाटलं दुखतंय. अजून थोडंच राहिलंय, असं म्हणून तिने पुढे सांगितलं. घाबरलेला पेशंट आधी हातावरून कळतो, म्हणून माझं लक्ष माणसाच्या हाताकडे जातं. ह्या खोलीचं माप घेताना त्यांनी टेपचं टोक धरलं होतं आणि टेप थरथरत होती. मी बाजूला घेऊन विचारलं, तर म्हणाले, एरवी काही नसतं, बारीक काम करायला गेलं की होतं. मीच चिठ्ठी देऊन मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी सांगितलं, जिवाला धोका नाही, पण औषधही नाही, रेघ आता ओढता यायची नाही. मी म्हटलं, घरी सांगा, बायकोला सांगा. तर म्हणाले, बाई, तेवढं करू नका. ती मला काही म्हणणार नाही, पण माझ्या मेहुण्याला जगू देणार नाही. तिला वाटेल, त्यानेच मला बाजूला सारलं.

धाकट्या, त्या खुर्चीत मला रडताही आलं नाही नीट. तोंडात कापूस, डोळ्यांतून पाणी, आणि डॉक्टरीण विचारतेय, अजून एक इंजेक्शन देऊ का.

घरी आले ती सरळ नकाशांकडे. दुपारच्या उजेडात वाचनालयाचे सगळे कागद जमिनीवर पसरले आणि गुडघ्यांवर बसून कोपरे बघत गेले, जिथे दोन रेघा भेटतात ते कोपरे. हे रेघ बरोबर कोपऱ्यात थांबवायचे, शेवटी पेन्सिल जरा दाबून. तुझ्या रेघा नेहमी एकमेकींना ओलांडून पुढे जायच्या. शाळेच्या वहीतही समासाबाहेर जायच्या, आणि त्यावरून तू बाबांचा मार खाल्ला आहेस. वाचनालयाच्या एकूण एक कोपऱ्यात रेघा ओलांडून गेल्या आहेत. सहा वर्षांच्या प्रत्येक कागदावर. पिशवीवाल्या बाईच्या पायाखालची जमीनसुद्धा तुझी. मी डबा घेऊन येऊन स्वतःला शोधणार, म्हणून तुला पिशवी आठवली, अंबाडा आठवला, पण माणूस काढायचा म्हणजे साडेपाच फुटांचा, ही तुमच्या धंद्याची सवय तुझ्या हाताला सोडता आली नाही. ह्यांनी रोज ते समोर बसून उलट्या बाजूने पाहिलं असणार. त्यांना चूक दिसली नसेल हे मी मानणार नाही. बहुतेक आपल्या वाट्याचं काम करून देणाऱ्याच्या हाताला आणखी दुरुस्त काय करायचं, असं त्यांना वाटलं असेल.

मग बाकीचं आपोआप कळलं. न्हावी कळला, बूट कळले, बटणं कळली. चहा अर्धाच भरलेल्या मोठ्या मगातून दोन्ही हातांनी प्यायचे, ते कळलं. टेबलावरच्या त्यांच्या पेन्सिली नेहमी टोकदार आणि लांबलचक असायच्या, कधी झिजायच्याच नाहीत, आणि मी वेडी त्यांच्या टापटिपीचं कौतुक करायचे. आणि त्याच सहा वर्षांत छत्रीवाला माणूसही थांबला नव्हता, हे मी पुन्हा मोजून पाहिलं. चार बंगले, एक शाळा, एक वसतिगृह. म्हणजे तू तुझंही काम करत होतास आणि त्यांचंही. दोन माणसांचं काम एकटा. त्या काळात तू मुलीच्या शाळेच्या एकाही कार्यक्रमाला गेला नाहीस, आणि मी तुझ्या बायकोला तोंडावर म्हटलं होतं, असेल कुठे तरी पार्टीत हसत बसलेला. तिने तेव्हा खाली बघितलं होतं. तिलाही माहीत होतं ना? डॉक्टरिणीला माहीत, तुझ्या बायकोला माहीत. जगापासून तुम्ही काही लपवलं नव्हतं. लपवलं ते एकट्या माझ्यापासून. आणि माझ्या नवऱ्याने माझ्याबद्दल जे सांगितलं होतं, ते मी त्यांच्यामागे अक्षरशः खरं करून दाखवलं. तुला जगू दिलं नाही. ते किती ओळखत होते मला! हे मला सोसत नाही, की ते मला इतकं ओळखत होते आणि तरीही रोज संध्याकाळी येऊन माझ्यापाशी बसत होते, तुझी इमारत मला प्रेमाने सांगत होते.

चष्मेवालीने परवा आणखी एक कागद दाखवला. वाचनालयाच्या दारावरचा नवा दगड कोरायला दिला होता, त्याच्या अक्षरांचा नकाशा. ह्यांचं नाव मोठ्या सुबक अक्षरांत, आणि अक्षरांच्या कोपऱ्यांत रेघा ओलांडून गेलेल्या. तुझं नाव काढून टाकणारा दगडसुद्धा तूच काढून दिलास. मी त्या दिवशी पहिल्यांदा चष्मेवालीला जेवायला थांबवलं आणि तिच्यासमोर मोठ्याने रडले.

आता हे पत्र का लिहिलं ते ऐक. माफी मागायला नाही, ती पत्रातून मागण्याएवढी लहान नाही. परवानगी मागायलाही नाही. आज सकाळी मी पोस्टात जाऊन दोन पाकिटं रजिस्टर केली आणि मग घरी येऊन तुला लिहायला बसले, मुद्दाम ह्याच क्रमाने, कारण आधी तुला विचारलं असतं तर तू मला अडवलं असतंस. पहिल्या पाकिटात प्रदर्शनाच्या पुस्तकाचा, चष्मेवालीने मला तपासायला दिलेला, छापखान्याला जाणारा मजकूर आहे. त्यात वाचनालयापुढचं आणि त्या सहा वर्षांतल्या आणखी पाच कामांपुढचं माझ्या नवऱ्याचं एकट्याचं नाव मी माझ्या हाताने खोडलं आहे. ह्यांची मापाची पट्टी ठेवून खोडलं, रेघ सरळ आली. तिथे मी लिहिलंय, नकाशे माझ्या भावाचे, समोर बसून पाहणारे माझे यजमान, आणि त्यांच्या हाताला काय झालं होतं तेही दोन वाक्यांत लिहिलंय, त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. दुसरं पाकीट वाचनालयाच्या समितीला, दगड पुन्हा बदलण्यासाठी. तू ह्यांना शब्द दिला असशील, मी कुणाला दिलेला नाही. तू रागावणार, हे मला माहीत आहे. सतरा वर्षं सांभाळलेली गोष्ट मी एका सकाळीत फोडली. रागाव. पण दोन ओळींचं पत्र पाठवून रागावू नकोस, फोनवर गप्प बसून रागावू नकोस. बायकोला घे, पहिली गाडी पकड, आणि इथे येऊन रागाव.

तुझीच, जिने तुला सोडून सगळ्यांवर आधी विश्वास ठेवला ती,
थोरली